आधी वेळापत्रक, मग रूळ

नाशिकमध्ये रेल्वेचा विषय निघाला की दोन बाजू पडतात. एक म्हणते, पुण्याला नवी लाईन टाका, त्याशिवाय जिल्ह्याची कोंडी फुटणार नाही. दुसरी म्हणते, आहे ती लाईन आधी मोकळी करा, नवी लाईन टाकून गाड्या शेवटी कसारा घाटातच अडकणार आहेत. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. म्हणून त्यांना समोरासमोर बसवलं आहे. मामा भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होते, निवृत्तीनंतर नाशिकरोडला स्थायिक झाले. भाची सिन्नरची, शिक्षणाने नगररचनाकार, नोकरी पुण्यात. ही दोघं कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातले आकडे आणि घटना मात्र खऱ्या आहेत.

भाची: मामा, नाशिक आणि पुणे रस्त्याने जेमतेम दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. दोन्हीकडे कारखाने, दोन्हीकडे कॉलेजं, मध्ये सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, चाकण. आणि या सगळ्या पट्ट्यात रेल्वेचा रूळ नाही. पुण्याला रेल्वेने जायचं तर कल्याणवरून, नाहीतर मनमाड-दौंडवरून वळसा. याहून मोठी गरज कोणती?

मामा: गरज मी नाकारतच नाही. मी क्रम विचारतोय. पैसा, माणसं, यंत्रं आणि जमीन मिळवून देणारं प्रशासन, या चारही गोष्टी मोजक्या आहेत. त्या आधी कुठे लावायच्या?

भाची: तुम्ही म्हणणार घाटात.

मामा: घाटात आणि घाटाच्या दोन्ही बाजूंना. नीट ऐक. कल्याण ते कसारा दोन लाईनी. त्यांच्यावरूनच कसाऱ्याच्या लोकल, उत्तरेकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या जातात. तिथे सुमारे ६७ किलोमीटरची तिसरी लाईन मंजूर होऊन किती वर्षं झाली, जमिनीपायी रखडत राहिली. कसारा ते इगतपुरी तीन लाईनी आहेत, पण चढण ३७ला १. चौदा-पंधरा किलोमीटरांत गाडी जवळजवळ ३०० मीटर वर चढते. मालगाडीला कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडायची, इगतपुरीला सोडायची आणि ती परत खाली आणायची. त्या परतीच्या फेरीलाही लाईन लागतेच. आणि इगतपुरीच्या पुढे मनमाडपर्यंत पुन्हा दोनच लाईनी. कंट्रोलच्या तक्त्यावर प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ असते, तिला आम्ही पाथ म्हणतो. मंत्रालयातून नवीन गाडी जाहीर होते, पण पाथ जाहीर करता येत नाही. एक गाडी वाढली की दुसरी कुठेतरी लूपमध्ये उभी राहते.

भाची: पण बँकरचं कारण आता किती दिवस सांगायचं? २०१९ला मुंबई-निजामुद्दीन राजधानी नाशिकमार्गे सुरू झाली, ती दोन्ही टोकांना इंजिन लावून घाट चढते. २०२३पासून शिर्डीची वंदे भारत धावतेय, तिलाही बँकर लागत नाही. घाटावरचा उपाय गाडीतच सापडला की.

मामा: प्रवासी गाड्यांपुरता. मालगाडीला अजून ढकलावंच लागतं, आणि उतारावर ब्रेकचं भान ठेवून हळूच उतरावं लागतं. एका लाईनीवर वेगवान आणि संथ गाड्या एकत्र आल्या की लाईनीची क्षमता संथ गाडी ठरवते. म्हणून तर शंभराला एक अशा सौम्य चढणीची नवी लाईन बोगद्यांतून न्यायचा विचार पुढे आला. समृद्धी महामार्गाने इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचे जुळे बोगदे खणले. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला आणि मोटारीसाठी घाट जवळपास संपला. रेल्वे मात्र अजून १८६५ सालच्या चढणीवर आहे.

भाची: तुम्ही १८६५ काढलंत ते बरं झालं. घाटातून गाडी १ जानेवारी १८६५ला सुरू झाली. पण घाटाच्या वरचा इगतपुरी, नाशिक ते चाळीसगाव हा रूळ १८६१लाच चालू झाला होता. म्हणजे जीआयपी रेल्वेने घाटासाठी वरचं काम थांबवलं नव्हतं. जिथे होईल तिथे आधी रूळ टाकले. नवी लाईन आधी आणि अडचणीची जागा नंतर, हा नाशिकच्याच रेल्वेचा इतिहास आहे.

मामा: तोच इतिहास मी दुसऱ्या बाजूने वाचतो. ती चार वर्षं वरची लाईन तुटक होती. प्रवाशाने कसाऱ्याला उतरायचं, माल उतरवायचा, घाट रस्त्याने चढायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचं. रुळांचे मैल वाढले होते, पण मुंबई बंदर आणि खानदेशचा कापूस खऱ्या अर्थाने जोडले गेले ते घाट झाल्यावर. जाळ्याची किंमत त्याच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरते. आज तू मनमाड-इंदूरचं घे. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने मंजूर केली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. मध्य प्रदेशातला माल न्हावा-शेवा बंदराला जवळच्या वाटेने जावा हा तिचा एक हेतू. उत्तम. पण तो माल मनमाडला पोचल्यावर पुढे कुठून जाणार?

भाची: काही दौंडकडून जाईल.

मामा: आणि बोरघाटात पोचेल. तिथेही चढण ३७ला १च.

भाची: मान्य. पण मनमाड-इंदूर फक्त बंदरासाठी नाही ना. मालेगावसारखं लाखो वस्तीचं यंत्रमागांचं शहर, तिथे आजही रेल्वे स्टेशन नाही. मालेगावच्या माणसाने गाडी पकडायला मनमाडला यायचं. तुमच्या तक्त्यावर मालेगावची रेघच नाही, म्हणून ती गर्दी तुम्हाला दिसत नाही. नियोजनातला माझा मोठा आक्षेप हाच आहे. आहे त्या लाईनीवरची गर्दी मोजता येते. ज्यांनी रेल्वेचा विचारच सोडून दिला, एसटी धरली, दुचाकी काढली, मुलीला पुण्याला शिकायला पाठवलंच नाही, त्यांची मोजदाद कोणत्या रकान्यात करायची?

मामा: हा मुद्दा खरा आहे. पण मोजता येत नाही म्हणून खर्चाचा हिशोब सोडायचा का? मनमाड-इंदूरला किलोमीटरमागे साधारण ५८ कोटी पडतात. नाशिक-पुणे सेमी हायस्पीडचा जुना आराखडा २३५ किलोमीटर आणि १६,०३९ कोटींचा, म्हणजे किलोमीटरमागे ६८ कोटी. आणि नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेली जळगाव-मनमाड चौथी लाईन? १६० किलोमीटरला सुमारे २,७७३ कोटी. किलोमीटरमागे सव्वासतरा कोटी. एका किलोमीटर नव्या मार्गाच्या पैशांत जुन्या मार्गाशेजारी तीन-चार किलोमीटर लाईन होते.

भाची: हा हिशोब मैदानावरचा आहे, मामा. जळगाव-मनमाडला जमीन सपाट, स्टेशनं आहेतच, बरीचशी हद्द रेल्वेची. तोच दर तुम्ही कसारा घाटाला लावून दाखवा. बोगदे आले की तुमची जुनी लाईनही महागच होणार. शिवाय चौथी लाईन आल्याने सिन्नरच्या माणसाच्या आयुष्यात काय बदलतं? काहीच नाही. नवीन मार्गाने जो बदल होतो तो किलोमीटरच्या दरात मावत नाही. कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. १९९०ला महामंडळ झालं, १९९८ला गाडी पूर्ण मार्गावर धावली. त्या वेळी रत्नागिरी, कणकवलीची रेल्वेची मागणी आकड्यांत सिद्ध करा असं कोणी हट्टाने म्हटलं असतं, तर कोकणात आजही फक्त एसटी असती.

मामा: मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या इच्छाशक्तीला आणि श्रीधरन यांच्या कामाला माझा नमस्कारच आहे. पण पुढचं पण सांग ना. ती लाईन रोखे काढून, कर्जावर उभी राहिली आणि ते ओझं महामंडळ वर्षानुवर्षं वाहत राहिलं. वीरच्या पुढे आजही बहुतांश मार्ग एकेरी आहे, गणपतीत गाड्या क्रॉसिंगला तासन्‌तास थांबतात. नाशिक-पुण्याच्या आराखड्यातही ६० टक्के रक्कम कर्जातून उभी करायची होती, केंद्र २० आणि राज्य २०. कर्ज फेडायचं तर तिकीट महाग ठेवावं लागतं. मग ज्या सिन्नरच्या माणसासाठी तू भांडतेस, तोच त्या गाडीत बसणार नाही.

भाची: म्हणूनच मी म्हणते की वेगाचा हट्ट सोडा. मला ताशी २०० किलोमीटर नकोत. मला दर दोन तासांनी गाडी हवी, जी सिन्नरला थांबेल, संगमनेरला थांबेल, चाकणला थांबेल. पण आमच्या पट्ट्याच्या नशिबी काय आलं? महारेल कंपनीने नाशिक-पुणे मार्गाचा आराखडा केला. सिन्नर तालुक्यात काही शेतकऱ्यांनी जमिनीची खरेदीखतंसुद्धा करून दिली. मग नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचा प्रश्न आला. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी तिथून मार्ग शक्य नाही असं सांगितलं आणि शिर्डी, अहिल्यानगरवरून पर्याय पुढे केला.

मामा: ती दुर्बीण काही साधी नाही. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. गोविंद स्वरूप यांनी आयुष्य घातलं त्यात. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या पॅन्टोग्राफपाशी ठिणगी उडाली तरी रेडिओ लहरी निघतात, आणि ती यंत्रणा आकाशातून येणारे अतिक्षीण संकेत ऐकते. शास्त्रज्ञांचा आक्षेप रास्तच होता.

भाची: आक्षेप रास्त होता, पण दुर्बीण काल आली नाही. आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी हा प्रश्न सुटायला हवा होता. जमिनी घेतल्यानंतर तो निघावा, हे नियोजनाचं अपयश आहे. आणि आता उत्तर म्हणून आख्खा पट्टाच वगळायचा? दुर्बिणीपासून दूर वळण घ्या, त्या भागापुरता बोगदा काढा, पण संगमनेर, नारायणगाव, मंचर सोडू नका.

मामा: शिर्डीच्या मार्गात आहे त्या लाईनींचं दुहेरीकरण वापरता येतं, खर्च कमी येईल, काम लवकर होईल. मला तो मार्ग पटतो.

भाची: मला नाही पटत. नाशिकहून पुण्याला अहिल्यानगरवरून जाणारी गाडी मोटारीशी स्पर्धा करू शकणार नाही. तिने शिर्डीचे भाविक जातील, रोजचा कामगार जाणार नाही.

मामा: बरं, इथे आपलं जमत नाही, तसंच राहू दे. पण रोजच्या माणसाचं नाव काढलंस तर पंचवटीचं बोलू. १९७५पासून धावणारी गाडी. तिच्यावर नाशिककरांच्या मुंबईतल्या नोकऱ्या उभ्या राहिल्या. पासधारकांनी आपला डबा स्वतः शिस्तीने सांभाळला, देशभर नाव झालं त्याचं. पन्नास वर्षांत या वाहतुकीची वाढ काय झाली? मनमाडहून सुटणारी राज्यराणी २०२०मध्ये नांदेडपर्यंत नेली. मराठवाड्याला गाडी मिळाली, ते हक्काचंच होतं. पण नाशिकरोडला ती भरून येऊ लागली. कल्याण-नाशिक लोकलची चर्चा तर एक पिढी ऐकत आली.

भाची: यात कोणाची चूक म्हणता तुम्ही? मराठवाड्याची?

मामा: मुळीच नाही. पाथ एक आणि मागणारे दोन, म्हणून नाशिक आणि नांदेड एकमेकांसमोर उभे राहिले. तिसरी-चौथी लाईन असती तर दोघांनाही गाडी मिळाली असती. लाईनीची टंचाई जिल्ह्या-जिल्ह्यांत भांडण लावते, हे मी खुर्चीत बसून पाहिलंय.

भाची: आता शेतकऱ्याचं बोला. पहिली किसान रेल नाशिकमधूनच सुटली, ७ ऑगस्ट २०२०ला, देवळालीहून दानापूरला. भाड्यात निम्मी सवलत होती. पुढे सवलत संपली आणि गाडीही संपली. ऑक्टोबर २०२४मध्ये लासलगावहून १,६०० टन कांदा रेल्वेने दिल्लीला गेला, त्याचं केवढं कौतुक झालं. आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ रुळाच्या कडेला आहे. तिथून कांद्याची गाडी सुटणं ही बातमी का व्हावी?

मामा: कारण आपण गाडी सुरू केली, व्यवस्था उभी केली नाही. किसान रेलचं मोठेपण असं होतं की शेतकऱ्याला आख्खी रेक भरावी लागत नव्हती. थोडी पोती, थोड्या पेट्या घेऊन मधल्या स्टेशनवर यावं आणि चढवाव्यात. ते टिकवायचं तर लासलगाव, निफाड, खेरवाडी, कसबे सुकेणेला छपराचा मालधक्का हवा, शीतगृह हवं, ट्रक वळेल असा रस्ता हवा आणि रोज ठरलेल्या वेळेला जाणारी गाडी हवी. आज येईल, उद्या सांगता येत नाही, अशा गाडीच्या भरवशावर कोणी द्राक्ष तोडत नाही.

भाची: रोज, ठरलेल्या वेळेला. मामा, आपण दोघं इतका वेळ वेगवेगळ्या शब्दांत हेच मागतोय. मी पुण्यासाठी दर दोन तासांनी गाडी मागितली, तुम्ही कांद्यासाठी रोजची वेळ मागितली. स्वित्झर्लंडने नेमकं हेच केलं. १९८७मध्ये तिथे रेल्वेच्या मोठ्या आराखड्यावर जनमत घेतलं. त्यांनी आधी पूर्ण देशाचं वेळापत्रक मांडलं. गाड्या दर तासाला, आणि मोठ्या स्टेशनांवर एकाच सुमाराला येऊन एकमेकींना प्रवासी देतील अशा. बर्न-झुरिक प्रवास एक तासाच्या आत बसला पाहिजे, तरच हे जुळतं, असं दिसलं. म्हणून तेवढ्या जागी सुमारे ४५ किलोमीटरचा नवा वेगवान मार्ग बांधला, तो २००४मध्ये सुरू झाला. वेळापत्रकाला लागला तिथेच पैसा घातला.

मामा: हे मला पटलं. यात तुझी नवी लाईनही आली आणि माझी जुनी लाईनही आली. वेळापत्रक हातात घेतलं की क्रम आपोआप लागतो. चल, नाशिकचं मांडू. नाशिकरोडहून कल्याणला दर तासाला एक गाडी. लासलगावहून न्हावा-शेव्याला रोज रात्री एक ठरलेली मालगाडी. मालेगावहून मनमाडला सकाळ-संध्याकाळ जोडगाड्या. पुण्याला दर दोन तासांनी.

भाची: आता तुम्हीच सांगा, यातलं काय आजच्या रुळांवर बसतं?

मामा: मालेगावची जोडगाडी इंदूर लाईनीचा पहिला तुकडा झाला की बसते, घाटाशी तिचा संबंध नाही. म्हणून मनमाड-मालेगाव हा तुकडा आधी करा, इंदूरपर्यंत रूळ पोचायची वाट पाहू नका. कांद्याच्या मालगाडीला मालधक्के आणि घाटातला रात्रीचा एक पक्का पाथ लागतो. कल्याणची तासाची गाडी मात्र आज बसतच नाही. तिला कल्याण-कसारा तिसरी लाईन, घाटातली सौम्य लाईन आणि इगतपुरी-मनमाड तिसरी-चौथी लाईन, हे तिन्ही लागतात. दोन करून एक ठेवलं तर उपयोग अर्धाही नाही.

भाची: आणि पुण्याच्या गाडीला तुमच्या घाटाची गरजच नाही. उलट ती झाली की कल्याणवरून पुण्याला जाणारा भार घाटावरून उतरेल. मग ती यादीत शेवटी का?

मामा: शेवटी नाही म्हणत. घाटाच्या बरोबरीने म्हणेन. अट एकच, मार्ग पक्का ठरू दे. शेतकऱ्याकडून खरेदीखत घ्यायचं आणि मार्ग बदलायचा, हे पुन्हा होता कामा नये.

भाची: ही अट मला मान्य आहे. आता कुंभमेळ्याचं. २०२७च्या सिंहस्थासाठी नाशिकरोड, देवळाली, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे या स्टेशनांवर कामं काढली आहेत. प्रयागला २०१३मध्ये स्टेशनवरच्या चेंगराचेंगरीत ३६ भाविक गेले. त्यामुळे फलाट आणि पादचारी पूल रुंद होणं ही माणसांच्या जिवाची गरज आहे. पण मेळा संपल्यावर त्या फलाटांचं काय?

मामा: खेरवाडी आणि सुकेण्याचे फलाट मेळ्यानंतर द्राक्षांना आणि कांद्याला वापरता येतील अशी आखणी आताच केली पाहिजे. मेळ्याचा पैसा बारा वर्षांतून एकदा येतो. तो तात्पुरत्या सोयीत संपवू नये.

भाची: आणि नाशिकरोडला उतरलेला माणूस गावात कसा जाणार, तेही वेळापत्रकात लिहा. १८८९मध्ये नाशिकरोड ते मेन रोड घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. १९३०च्या सुमारास ती बंद पडली आणि त्या जागी रुळावरचं दुसरं काही आलं नाही. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओ प्रकल्पासाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, शहरात खांबही उभा राहिला नाही. कल्याणहून दर तासाला गाडी आली आणि स्टेशनबाहेर रिक्षाशी घासाघीस करण्यात अर्धा तास गेला, तर तुमची सौम्य चढण कोणाच्या कामाची? निदान प्रत्येक गाडीला जोडून शहर बस सोडा. तिला बोगदा लागत नाही.

मामा: ते तर उद्यापासून करता येईल.

दोघांचं एका बाबतीत जमलं नाही. पुण्याचा मार्ग संगमनेरवरून की शिर्डीवरून, हा मतभेद राहिला. तो खरा मतभेद आहे आणि त्याचा निकाल दोन्ही मार्गांचा प्रवासाचा वेळ, खर्च आणि वाटेतली वस्ती शेजारी-शेजारी मांडून, लोकांसमोर लागला पाहिजे. पण ज्यावर दोघं एकत्र आले ते अधिक महत्त्वाचं आहे. आपल्याकडे प्रकल्प आधी जाहीर होतो, त्याची रक्कम मथळ्यात येते, आणि त्या रुळांवरून किती वाजता कोणती गाडी जाईल हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. त्यामुळे प्रत्येक तालुका आपल्या लाईनीसाठी भांडतो आणि जाळं म्हणून कोणी विचार करत नाही.

नाशिकच्या लोकप्रतिनिधींनी, उद्योजक संघटनांनी, बाजार समित्यांनी आणि पासधारकांनी रेल्वेकडे आता एकच कागद मागावा: दहा वर्षांनंतरचं नाशिक जिल्ह्याचं वेळापत्रक. त्यात प्रत्येक गाडीसमोर ती धावण्यासाठी कोणतं काम लागेल, त्याला किती पैसा लागेल आणि ते कोणत्या वर्षी पूर्ण होईल, हे लिहिलेलं असावं. मग दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी नाशिककरांनी तो कागद काढून पाहावा. मंजूर झालेल्या कोटींपेक्षा त्या यादीतल्या किती गाड्या जवळ आल्या, यावरून वर्ष कसं गेलं ते ठरवावं.